झोप न आणणारी गोळी

अंगावर खाजेच्या गांधी उठल्या म्हणून कोणी मरत नाही. हे मला डेपोतल्या साहेबांनी सांगितलं, माहेरच्या शेजारणीने सांगितलं, औषधाच्या दुकानातल्या माणसाने सांगितलं आणि माझ्या नवऱ्यानेही सांगितलं, अगदी चांगल्या मनाने. सगळ्यांचं बरोबर होतं. मी मेले नाही. पण न मरता माणसाचं बरंच काही जाऊ शकतं, हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तेव्हा मलाही नव्हतं.

मी हे बरी झालेली बाई म्हणून लिहीत नाही. मी बरी नाही. ज्यांना रोज सकाळी उठून आधी आपले हात उजेडात धरून बघावे लागतात, त्यांनी हे वाचावं एवढंच वाटतं. निदान त्यांना तरी मला काय झालंय ते समजावून सांगावं लागणार नाही.

माझं नाव माया. माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीजवळच्या वलगावचं. नवरा प्रवीण वलगावच्या चौकात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. मी सरकारी लाल बस चालवायचे. माझे वडील मालट्रकवर होते, त्यांच्या शेजारी बसून मी गिअर शिकले. भरती निघाली तेव्हा घरात सगळे गप्प झाले, फक्त माझ्या सासूबाई म्हणाल्या, "पोट्टीले येते ना चालवता? मंग चालवू द्या." माझी पहिली फेरी होती त्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून स्टँडवर आल्या, तिकीट काढलं, परतवाड्यापर्यंत खिडकीशी बसून आल्या आणि त्याच गाडीने परत गेल्या. उतरताना मला काही बोलल्या नाहीत. कंडक्टरला मात्र म्हणाल्या, "माही सून आहे ते."

पुढे मला चिखलदऱ्याची गाडी मिळाली. आमच्या डेपोत घाटाची गाडी बाईला देत नसत. ती मी मागून घेतली होती.

*

सुरुवात परतवाड्याच्या स्टँडवर झाली. घाटाआधी चहा घ्यायला आम्ही तिथे थांबायचो. कप हातात धरला आणि तळहात आतून पेटल्यासारखे झाले. बघते तर मनगटावर लालसर फुगवटे. डास चावल्यासारखे, पण एकमेकांत मिसळत चाललेले, मधे पांढरे आणि कडेला लाल.

"ताई, हाताले काय झालं?" गजाननभाऊंनी विचारलं. ते माझ्या गाडीवरचे कंडक्टर.

"काही नाही. कशाची तरी पावडर लागली असंन."

घाट चढेपर्यंत ते कोपरापर्यंत गेलं. वळणावर स्टेअरिंग सोडून खाजवता येत नाही. मी दात आवळून गाडी वर नेली. चिखलदऱ्याला उतरून नळाखाली हात धरले, आणि परतीच्या वेळेपर्यंत सगळं साफ. नितळ कातडी. घरी येऊन प्रवीणला दाखवायला गेले तर दाखवायला काहीच नव्हतं.

या आजाराचा हा एक दुष्टपणा आहे. तो येतो, छळतो आणि तुम्ही कोणाला हाक मारून आणेपर्यंत निघून जातो. एक गांध काही तासांत विरते, तिच्या जागी दुसरीकडे नवी उठते. खूण राहत नाही, डाग राहत नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत मी खोटी ठरलेली असायचे.

आठवडाभरात ते रोजचं झालं. कधी पोटावर, कधी मांड्यांवर, कधी कमरेच्या पट्ट्याची जागा सोडून बाकी सगळीकडे, तर कधी फक्त पट्ट्याच्या जागी. माझी मुलगी रुची तेव्हा सहावीत होती. तिने एकदा खेळता खेळता माझ्या हातावर नखाने आपलं नाव काढलं. थोड्या वेळात ते नाव फुगून वर आलं, पाटीवर कोरल्यासारखं. तिला वाटलं जादू आहे. ती हसत सासूबाईंना दाखवायला मला ओढत घेऊन गेली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि नाव विरेपर्यंत त्यावर खोबरेल चोळत बसल्या.

*

औषधाच्या दुकानातून प्रवीणने एक छोटी गोळी आणली. "याच्यानं खाज बसते म्हणे." सुटीचा दिवस होता. मी गोळी घेतली आणि भाकरी करायला बसले. पुढचं सासूबाईंनी सांगितलं ते. मी परातीत हात ठेवून, पिठाच्या गोळ्यावर बोटं तशीच रुतवून, भिंतीला टेकून झोपले होते. त्यांनी तव्याखालचा गॅस बंद केला आणि मला उठवलं तेव्हा पीठ सुकून माझ्या बोटांना चिकटलं होतं.

खाज खरंच गेली होती. पण दुसऱ्या दिवशी डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. समोरचा माणूस बोलतो ते कळायचं, पण जरा उशिरा. घाटात जरा उशिरा म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मी डेपोत फोन करून त्या दिवसाची सुटी मागितली, कारण खरं ते सांगितलं.

साहेब म्हणाले, "खाजीसाठी सुटी? मॅडम, लिहू तरी काय मी?" आणि मागे कोणीतरी मोठ्याने म्हणालं, ते मला ऐकू यावं म्हणूनच म्हणालं, "बायांले घाटाची गाडी देली का हेच व्हते."

त्यानंतर मी ती गोळी घेतली नाही. गोळी घेतली तर झोप, नाही घेतली तर खाज. मी खाज निवडली आणि कित्येक महिने तशीच गाडी चालवली. बाह्यांच्या आत ओला रुमाल बांधायचे. खाज शिगेला पोचली की मोठ्याने मैलाचे दगड वाचायचे. गजाननभाऊ मागून विचारायचे, "ताई, बोलून राहिल्या का मले?" मी म्हणायचे, "नाही भाऊ, माझ्याशीच."

*

मग खाण्यावर सगळे तुटून पडले. कोणी म्हणालं वांगं बंद कर. कोणी दही, कोणी शेंगदाणे, कोणी अंडी, कोणी तुरीची डाळ. वऱ्हाडात तुरीची डाळ बंद कर म्हणणं म्हणजे जेवण बंद कर म्हणणंच. तेही केलं. शेवटी ताटात भाकरी आणि दुधीची पाणचट भाजी उरली, आणि गांधी होत्या तिथेच होत्या. माझ्यामुळे घरात ठेचा होईना. रुची एकदा म्हणाली, "मम्मी, तू दुसऱ्या खोलीत बस ना जेवायले, मंग आम्ही वरण खाऊ." तिचं चुकलं नव्हतं. मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. प्रवीण उठून तिच्यावर ओरडला, ती रडली, सासूबाई प्रवीणवर ओरडल्या. एका वरणासाठी.

*

एका सकाळी आरशात बघितलं तर मला मी दिसले नाही. वरचा ओठ नाकापर्यंत आला होता आणि एक डोळा मिटला होता. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "कोण आहे?" असं त्यांनी खरंच विचारलं.

जीभ जड वाटत होती. प्रवीणने मला मोटारसायकलवर मागे बसवलं, माझ्या मागे सासूबाई बसल्या, आणि आम्ही तिघं तसेच अमरावतीच्या दवाखान्यात गेलो. सासूबाई रस्ताभर माझ्या पाठीवर तळहात ठेवून होत्या, मी श्वास घेते की नाही ते बघत.

तिथे लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ही एक गोष्ट मी सगळ्यांना हात जोडून सांगते: नुसत्या गांधींना घाबरू नका, पण ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, श्वास अडकला, तर घरात थांबू नका. गोळी शोधत बसू नका. निघा.

दुपारपर्यंत सूज उतरली. एक दिवस देखरेखीसाठी ठेवून घेतलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक म्हातारी दम्याने बेजार होती. तिच्या लेकीने माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी काहाले आल्या? तुमाले तं काहीच नाही झालं." मी काय दाखवणार होते? सकाळचं तोंड मी बरोबर आणलं नव्हतं. मी चादर ओढून कुशीवर वळले. सिस्टर आल्या, सलाईन बघितलं आणि जाता जाता माझ्या पायावरची चादर सारखी केली. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट मला चांगली आठवते.

*

अकोल्याला माझी आई राहते. तिच्या ओळखीने तिथल्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने माझ्याएवढ्याच, बोलणं कमी. मी बसताच म्हणाले, "आता काहीच दिसत नाही डॉक्टर, पण खरंच उठतं."

त्या म्हणाल्या, "दिसायची गरज नाही. माझा विश्वास आहे."

मला तिथेच रडू आलं. इतक्या महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं होतं.

रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं. पुढच्या खेपेला त्यांनी कागद बाजूला ठेवले. "माया, तुम्हाला जुनाट शीतपित्त आहे. दीड महिन्याहून जास्त टिकलं की आम्ही जुनाट म्हणतो."

"कशानं झालं?"

"सापडलं नाही. बहुतेकांचं सापडत नाही. बाहेरच्या कशाची अ‍ॅलर्जी असेलच असं नाही. शरीरच स्वतःच्या पेशींना चिथावतं, त्या रसायन सोडतात, आणि कातडी फुगते."

"मंग मी वांगं सोडलं, डाळ सोडली, ते?"

"खा. सगळं खा."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वांग्याचा दोष असता तर वांगं सोडून मी सुटले असते. डाळीचा असता तर डाळ सोडून. आता सोडायला काही उरलंच नव्हतं. दोष माझ्या स्वतःच्या अंगाचा होता आणि ते अंग घेऊनच मला घरी जायचं होतं.

"किती दिवस राहील?"

"काहींचं वर्षभरात जातं. काहींचं बरीच वर्षं राहतं. बहुतेकांचं कधीतरी आपोआप थांबतं."

"माझं?"

"सांगता येत नाही."

मग त्यांनी ती गोळी लिहून दिली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण नाव वाचून दुकानातून आणायची ती गोष्ट नव्हे. पण ती समजून घेणं महत्त्वाचं आहे. मला समजलं असतं तर बराच त्रास वाचला असता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं: शरीर जे रसायन सोडतं ते कातडीत जाऊन बसतं तेव्हा गांध उठते. गोळी त्याची बसायची जागा आधीच अडवते. जुन्या गोळ्या हेच काम करायच्या, पण त्या डोक्यातही शिरायच्या, म्हणून झोप. ही नवी डोक्यात फारशी जात नाही.

"म्हणून ही रोज घ्यायची. गांध उठो की न उठो. उठल्यावर पळत जाऊन घेतली तर जागा आधीच भरलेली असते. आणि ही आजार बरा करत नाही. आजार आपलं काम चालू ठेवतो, ही फक्त तो तुमच्यापर्यंत पोचू देत नाही."

"गाडी चालवू?"

"आधी काही दिवस गाडीशिवाय घेऊन बघा. झोप न आणणारी म्हणजे कोणालाच न आणणारी असं नाही. तुमच्या अंगाला कशी मानवते ते तुम्हालाच कळेल."

मी रजा टाकून आईकडेच राहिले. सकाळी गोळी घ्यायची आणि दिवसभर स्वतःवर नजर ठेवायची. पेपर वाचून बघायचे, आईशी पाढे म्हणायचे. डोकं लख्ख राहिलं. चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर एकही गांध नव्हती. आईने वांग्याची भाजी केली आणि मी ती रडत खाल्ली.

*

घाटाची गाडी परत मिळाली. थोडे आठवडे बरे गेले, मग वलगावात हळूहळू पुन्हा सुरू झालं. आधी एखादी, मग दंडभर. अकोल्याला चालणारी गोळी वलगावात चालेना. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "नियमित घेता ना? कशाबरोबर घेता?"

"रसाबरोबर. संत्र्याच्या."

"रोज?"

प्रवीणच्या मामांची अचलपूरकडे संत्र्याची बाग आहे. माझा आजार ऐकून त्यांनी पोतं भरून संत्री पाठवायला सुरुवात केली होती. सासूबाई पहाटेच उठून माझ्यासाठी रस काढायच्या, बिया वेचून, गाळून. मी डबा घेऊन निघताना एका हातात पेला, एका हातात गोळी. "रक्त साफ होते याच्यानं," त्या म्हणायच्या. पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

"ही गोळी फळांच्या रसाबरोबर घ्यायची नसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "संत्रं, मोसंबी, सफरचंद, कुठलाच. रसामुळे ती रक्तात नीट शिरतच नाही. मी सांगायला हवं होतं. साध्या पाण्याबरोबर घ्या."

फोनवर आवाज मोठा होता. सासूबाई तिथेच संत्री सोलत बसल्या होत्या. त्यांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं.

"म्हणजे मीच तुले बिमार ठेवून राहिली होती?"

"नाही आई, तुमाले काय माहीत होतं?"

"मले काय माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तेच तं."

संत्र्यांचा दोष नाही, जेवणानंतर दुपारी खाल्लं तर चालतं, असं मी, प्रवीणने, फोनवरून डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. काही उपयोग झाला नाही. सासूबाईंनी पोतं शेजारी वाटून टाकलं आणि मामांना निरोप दिला की आता पाठवू नका. मामांना वाटलं त्यांच्या फळाला नाव ठेवलं. ते पुढे कित्येक महिने घरी आले नाहीत. आणि सासूबाई माझं काहीही करायला बिचकू लागल्या. साधं पाणी देतानाही विचारायच्या, "हे चालन ना?" जिने एकटीने माझ्या बस चालवण्याची बाजू घेतली होती ती बाई माझ्या हातात पेला देताना घाबरायची. आजाराने माझं काय काय नेलं असं कोणी विचारलं तर मी हे आधी सांगेन.

पाण्याबरोबर गोळी पुन्हा लागू पडली. आम्हाला वाटलं, चला, कारण सापडलं. पण ते गोळी न चालण्याचं कारण होतं. आजाराचं कारण नव्हतंच.

*

पुढच्या वर्षी आजारच वाढला. गोळी रोज, पाण्याबरोबर, वेळेवर, आणि तरी गांधी. एका दुपारी चिखलदऱ्याहून उतरताना डावी पापणी जड झाली. वळण संपायच्या आत मला कळलं की डोळा मिटत चाललाय. पुढे रस्ता रुंद होतो तिथे मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावायला सांगितले.

"काय झालं ताई?" गजाननभाऊ पुढे आले आणि माझं तोंड बघून मागे सरले.

"दुसरा ड्रायव्हर बोलवा भाऊ. मी नाही नेत."

मागून एक माणूस म्हणाला, "अजून एक डोळा आहे ना, हळूहळू घ्या." सगळे हसले. मीही हसले असते, पण ओठ हलत नव्हता. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत प्रवासी खाली उतरून रस्त्यावर उभे राहिले. एका बाईने आपल्या बाटलीतलं थंड पाणी माझ्या डोळ्यावर लावायला दिलं. गजाननभाऊ मला आडोसा करून उभे राहिले, कोणी मोबाइलवर फोटो काढू नये म्हणून.

डेपोत मी स्वतःच सगळं सांगितलं. मला गाडीवरून उतरवलं आणि स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसवलं. माइकवरून गाड्या पुकारायच्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या, दोन, मग चार. तेवढ्या डॉक्टरने सांगितल्याशिवाय कोणी घेऊ नयेत. चार गोळ्यांवर सूज थांबली. झोप येत नव्हती, पण डोक्याला एक पातळ पडदा आल्यासारखं व्हायचं. माइकवर बसायला तेवढं चालतं, घाटात चालत नाही. सुईने द्यायचं एक औषध आहे असंही त्या म्हणाल्या. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यांनाही ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी एकदाच सांगितलं.

त्या काळात प्रवीण आणि मी खूप भांडलो. तो दिवसभर मोटारी खोलायचा, जळालेली तार काढायचा, नवी गुंडाळायचा, आणि संध्याकाळी मोटार चालू व्हायची. त्याला कळायचंच नाही की बिघाड सापडत नाही म्हणजे काय. एकदा तो म्हणाला, "तू मनावर घेतलं तं होईन बरं. टेन्शन घेतं तू." मी बोलणं बंद केलं. किती दिवस, ते आठवत नाही. शेवटी तोच म्हणाला, "मले काही करता येत नाही म्हणून मी असं बोलून राहिलो. बाकी काही नाही." आम्ही दोघंही कॉटवर बसलो होतो. त्याने माझ्या पाठीवर हात फिरवला, मग एकदम काढला. खाजेल म्हणून. तो हात काढून घेणं मला भांडणापेक्षा जास्त लागलं.

*

यंदा उन्हाळ्यानंतर बरेच दिवस अंग साफ राहिलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या एकेक करत उतरवल्या. चारवरून तीन, दोन, मग एक. डेपोच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की एका गोळीवर सलग काही महिने सूज आली नाही तर गाडी देता येईल. ते महिने भरत आले. प्रवीणने माझे खाकी कपडे इस्त्री करून आणले. घरात कोणी त्याबद्दल मोठ्याने बोलत नव्हतं.

ज्या दिवशी तपासणी होती त्या सकाळी मी उठले आणि उजवी पापणी सुजलेली होती. मानेवर गांधींची माळ. प्रवीण दात घासत होता. त्याने आरशातूनच बघितलं.

"जायचं का?" त्याने विचारलं.

"जायचं."

अमरावतीत शिरताना तो म्हणाला, "पोचेपर्यंत उतरून जाईन. त्याईले काहून सांगतं? एकच दिवस आली ना?"

पोचेपर्यंत उतरलीच. डॉक्टरांनी दिव्याखाली माझे डोळे बघितले, हात बघितले, मान बघितली. एकही खूण नव्हती. पहिल्यांदाच माझी नितळ कातडी माझ्या बाजूने साक्ष देत होती. बाहेर बाकावर प्रवीण बसला होता. डॉक्टरांनी पेन उघडलं आणि विचारलं, "या महिन्यांत काही सूज वगैरे?"

मला घाट दिसला नाही की प्रवासी दिसले नाहीत. मोठं काही मनात आलं नाही. मला फक्त ठाऊक होतं की ते पुन्हा येणार आहे, आणि कधी येणार ते मला कळणार नाही.

"आज सकाळी आली होती," मी म्हणाले. "डोळ्यावर."

त्यांनी पेन बंद केलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं." मग विचारलं, "पुन्हा कधी येता तपासणीला?"

मी खुर्ची मागे सारून उठले.

बाहेर आले. प्रवीणने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि समजला. रागावला नाही, तेवढं बरं झालं. वाटेत आम्ही औषधाच्या दुकानाशी थांबलो. डॉक्टरीणबाईंना फोन लावून झाला होता, गोळ्या पुन्हा वाढवायच्या होत्या. दुकानदाराने पाकीट काढलं आणि विचारलं, "किती दिवसाच्या देऊ?"

मी प्रवीणकडे बघितलं. त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"जेवढ्या आहेत," तो म्हणाला, "तेवढ्या दे."